जुनी म्हणून विकलेली दोन कोरीव चित्रे

साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारामोटेची विहीर लहानपणापासून पाहत आल्यामुळे पाणी उपसण्याच्या जुन्या साधनांची मला फार ओढ आहे. त्याच ओढीपायी गेल्या वर्षी माझे अठरा हजार रुपये गेले. जुनी चित्रे जमवणाऱ्या इतरांवर ही वेळ येऊ नये, म्हणून घडले ते सविस्तर लिहितो.

समाजमाध्यमावर ओळख झालेल्या एका विक्रेत्याने, आगोस्तिनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याच्या १५८८ साली पॅरिसमध्ये छापलेल्या यंत्रग्रंथातले मूळ पान आपल्याकडे असल्याचे सांगितले. त्या ग्रंथातील १९५ चित्रांपैकी निम्म्याहून अधिक पाणी वर चढवण्याच्या यंत्रांची आहेत, त्यामुळे मला मोह आवरला नाही. कागद उजेडासमोर धरून फोटो काढा, असे मी दोनदा कळवले. पान फ्रेममध्ये आहे, काढताना फाटेल, असे उत्तर आले. तिथेच थांबायला हवे होते. पण १७५६ च्या विजयदुर्गाच्या लढाईतील जहाजांचे इंग्रजी कोरीव चित्रही भेट देतो, असे त्याने म्हणताच मी पूर्ण रक्कम यूपीआयने पाठवली.

फ्रेममध्ये असल्याचे सांगितलेले पान नळीत गुंडाळून आले. खरे कोरीव चित्र छापताना तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या रेषांत शाई भरून, वरची शाई पुसून, ओलसर कागद त्यावर ठेवून रुळांच्या दाबाखालून काढला, की शाई कागदावर किंचित उठून राहते आणि पत्र्याच्या कडांचा ठसा चौफेर उमटतो. या पानावरच्या रेषा बोटाला सपाट लागल्या, आणि ठशाच्या जागी नुसती छापलेली करडी रेघ होती. दहापट भिंगातून पाहिल्यावर काळ्या सलग रेषेऐवजी रंगीत ठिपके दिसले. त्या काळच्या चिंध्यांच्या हातकागदात साच्याच्या तारांच्या रेषा उजेडात दिसतात. येथे त्यांचा मागमूसही नव्हता. शेवटी दोन्ही चित्रे शेजारी ठेवली, तेव्हा जहाजांच्या चित्रावर आणि यंत्राच्या चित्रावर जुनाटपणाचे तपकिरी डाग तंतोतंत त्याच जागी आढळले. एकशे अडुसष्ट वर्षांच्या अंतराने छापलेल्या दोन कागदांवर हे कसे शक्य आहे?

विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली, परंतु पैसे पाठवून चार दिवस उलटल्यानंतर. ती त्याच दिवशी करायला हवी होती. रक्कम अद्याप परत मिळालेली नाही. दोन्ही पाने मात्र मी जपून ठेवली आहेत. साताऱ्यात कोणी असे चित्र घेण्याच्या विचारात असेल, तर त्याने आधी ती भिंगातून पाहून जावीत.