रोजचे पार्टिशन की महिन्याचे?

पोस्टग्रेस या डेटाबेसमधील मोठे टेबल तारखेनुसार विभागायचे एवढे ठरले, की एकेक पार्टिशन, म्हणजे टेबलाचा तुकडा, केवढे ठेवायचे हा प्रश्न उरतो. आमच्या व्यवहार-नोंदींच्या टेबलात दोन वर्षांचा डेटा ठेवायचा होता. आम्ही आधी रोजचे पार्टिशन घेतले, म्हणजे सुमारे 730 पार्टिशने झाली. पुढे ती रचना मोडून महिन्याच्या 24 पार्टिशनांवर आलो.

रोजच्या पार्टिशनची बाजू लंगडी मुळीच नाही. चालू दिवसाचा इंडेक्स (ओळी पटकन शोधण्याची सूची) लहान असल्याने तो सहज मेमरीत राहतो, व्हॅक्यूम (निकामी ओळींची साफसफाई) लवकर उरकतो आणि मुदत संपलेला दिवस ड्रॉप करून क्षणात काढता येतो. ज्यांना डेटा थोडेच दिवस ठेवायचा आहे आणि ज्यांच्या प्रत्येक क्वेरीत (डेटाबेसकडे केलेल्या विचारणेत) तारखेची अट असतेच, त्यांना मी रोजचेच पार्टिशन सुचवीन.

आमची अडचण नेमकी तिथेच होती. तक्रार घेऊन फोन करणाऱ्या ग्राहकाकडे बहुधा फक्त व्यवहार क्रमांक असे. तारीख त्याला नक्की आठवत नसे. क्रमांकावर इंडेक्स होता, परंतु पोस्टग्रेसमध्ये सर्व पार्टिशनांना मिळून एक सामायिक इंडेक्स नसतो, प्रत्येकाचा आपापला असतो, त्यामुळे एक ओळ शोधण्यासाठी 730 इंडेक्स धुंडाळले जात. क्वेरी कशी चालली ते दाखवणारे एक्सप्लेन ॲनालाइझ चालवले की पडद्यामागून पडदा त्याच 'इंडेक्स स्कॅन'च्या ओळी येत राहत, आणि सर्वांत खाली प्लॅनिंग टाइमचा आकडा एक्झिक्युशन टाइमपेक्षा मोठा दिसे. आवृत्ती 12 पासून हजारो पार्टिशनांचे प्लॅनिंग बरेच सुधारले आहे हे खरे, पण तो लाभ मुख्यतः प्रुनिंग, म्हणजे नको ती पार्टिशने वगळणे, होते तेव्हाचा. तारीखच नसेल तर वगळणार काय? शिवाय अशी क्वेरी प्रत्येक पार्टिशनवर आणि त्याच्या इंडेक्सवर लॉक (वापर चालू असल्याची राखण) घेते. आवृत्ती 17 पर्यंत एका बॅकएंडला (एका जोडणीच्या सर्व्हर-प्रोसेसला) फास्ट-पाथ, म्हणजे झटपट मिळणाऱ्या, लॉकच्या 16च जागा मिळत, बाकीचे लॉक सामायिक लॉक टेबलातून जात, आणि गर्दीच्या वेळी आमच्या क्वेरी तिथेच खोळंबत.

महिन्याच्या पार्टिशनवर एका दिवसाचा अहवाल मंदावेल अशी शंका मलाही होती. आमच्या अनुभवात वेळेच्या कॉलमवरील इंडेक्सने ती दूर केली. नोंदी वेळेच्या क्रमानेच येत असल्यास ब्रिन इंडेक्स पुरतो: तो मूळ सेटिंगमध्ये 128 पानांच्या, म्हणजे 1 एमबीच्या, प्रत्येक टप्प्याची फक्त किमान व कमाल वेळ लिहून ठेवतो, म्हणून अगदी लहान राहतो. मात्र जुन्या ओळी वारंवार अपडेट होत असतील तर हा क्रम विस्कटतो, आणि तिथे बी-ट्री हा नेहमीचा इंडेक्सच बरा. जुना डेटा काढताना महिना पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, ही गैरसोय आम्ही पत्करली.

दोन्ही रचनांत एक पथ्य सारखेच पाळावे लागते: क्वेरीच्या व्हेअर या अटीच्या भागात तारखेच्या कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळू नये, नाहीतर प्रुनिंग होत नाही.

तुमचा वापर वेगळा असू शकतो, म्हणून निर्णयापूर्वी चाललेल्या क्वेरींची आकडेवारी ठेवणाऱ्या पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्समधून तारखेविना चालणाऱ्या क्वेरी वेगळ्या काढून पाहाव्यात. आमच्याकडे त्या मोजक्याच निघाल्या, परंतु त्या चालत तेव्हा फोनच्या दुसऱ्या टोकाला ग्राहक उत्तरासाठी थांबलेला असे.