कॉनकॉर्डचे १९ सेकंद : ईव्ह ऑनलाइनमधले आठ महिने

रावेर तालुक्यात शेतीची लाईट रात्रपाळीला असली की पहाटेपर्यंत जागंच राहावं लागतं. मोटार चालू करायची, ठिबकचे व्हॉल्व्ह दर दोन तासांनी बदलायचे आणि मधल्या वेळात घरी येऊन बसायचं. त्या मधल्या वेळेसाठी भुसावळच्या मामेभावानं गेल्या सप्टेंबरात मला ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा गेम लावून दिला. आता आठ महिने झालेत. अख्ख्या गेमबद्दल लिहायला बसलो तर केळीचा एक हंगाम निघून जाईल, म्हणून मी फक्त कॉनकॉर्डबद्दल, म्हणजे त्यातल्या पोलिसांच्या संघटनेबद्दल लिहितोय. नवा खेळाडू सगळ्यात मोठा गैरसमज करून घेतो तो हिच्याबद्दलच. मीही करून घेतला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आइसलँडच्या सीसीपी कंपनीनं मे २००३मध्ये हा गेम आणला. सात हजारांहून जास्त सिस्टम (तारा आणि त्याभोवतीचे ग्रह) आहेत आणि जगभरातले बहुतेक सगळे खेळाडू एकाच सर्व्हरवर असतात. या विश्वात अमार, काल्डारी, गॅलेन्टे, मिनमतार आणि जोव्ह अशा पाच सत्ता. त्यांनी आपसातली भांडणं आटोक्यात राहावीत म्हणून मिळून जी संघटना उभी केली ती कॉनकॉर्ड. मुख्यालय युलाई सिस्टममध्ये. तिचं पोलिसांचं काम डीईडी नावाचं खातं बघतं, आणि बाजारातल्या व्यवहारांवर एससीसीची नजर असते. आपण खेळाडू म्हणजे कॅप्सुलियर. मेलो तरी दुसऱ्या क्लोनमध्ये जागे होतो. अशा माणसांना कुठलंच एक राज्य आवरू शकत नाही, म्हणून आपल्यावर कॉनकॉर्डचा अंमल. कथेतला हा धागा मला फार पटला. मरणाचं भय नसलेल्या माणसाला कायदा कसा लावायचा, हा खरोखर अवघड प्रश्न आहे.

प्रत्येक सिस्टमला सुरक्षेचा आकडा असतो आणि तो स्क्रीनवर डावीकडे वर दिसतो. १.० ते ०.५ म्हणजे हाय सिक्युरिटी, तिथे कॉनकॉर्ड येते. ०.४पासून खाली येत नाही. तिथे गेटजवळच्या (एका सिस्टममधून दुसरीत जायचं दार) तोफा तेवढ्या गोळी घालतात, आणि ०.०मध्ये त्याही नाहीत. मी जपून राहणारा माणूस, म्हणून हाय सिक्युरिटीतच खाणकाम करायचं ठरवलं. आधी फुकटच्या अल्फा खात्यावर व्हेंचर हे खाणकामाचं छोटं जहाज चालवलं, मग पैसे भरून ओमेगा खातं घेतलं आणि रिट्रीव्हर हे मोठं जहाज आणलं. रिट्रीव्हरच्या पोटात माल भरपूर मावतो. लेझर लावून द्यायचे आणि बॅटरी घेऊन खुशाल मळ्यात जायचं. पोलिस आहेतच की, असं मनात.

नोव्हेंबरमधली रात्र. व्हॉल्व्ह बदलून आलो, हात अजून ओले होते. माझं रिट्रीव्हर फोर्ज प्रदेशातल्या ०.५च्या एका सिस्टममध्ये दगडांच्या पट्ट्यात उभं होतं. तेवढ्यात तीन कॅटॅलिस्ट माझ्या शेजारी येऊन थांबली. लहान, स्वस्त डिस्ट्रॉयर. जहाजाला शील्ड, आर्मर आणि स्ट्रक्चर असे संरक्षणाचे तीन थर असतात. शील्डची पट्टी डोळ्यांदेखत गेली, मागोमाग आर्मर. मी वॉर्पचं, म्हणजे झपाट्यानं निसटायचं बटण दाबत होतो, पण त्यांनी जहाज जखडून ठेवलं होतं. जहाज फुटलं, मी पॉडमध्ये, म्हणजे जीव वाचवणाऱ्या छोट्या कुपीत. आणि मग कॉनकॉर्ड आली. तिच्या जहाजांसमोर कुणाचंच काही चालत नाही. त्या तिघांची इंजिनं, तोफा सगळं बंद पाडलं आणि एकामागून एक तिन्ही उडवली. सगळीकडे शांत झालं. मग कुठून तरी एक साधं मालवाहू जहाज आलं, माझ्या सांगाड्यातून वाचलेलं सामान उचललं आणि निघून गेलं. कॉनकॉर्डची जहाजं तिथेच उभी होती. त्यांनी त्याला हातही लावला नाही.

मी रागानं मामेभावाला फोन लावला. तो झोपेतून उठून म्हणाला, "दादा, पोलिस येतीन ना, पन तू मेल्यावर येतीन."

नंतर नियम नीट वाचले. ०.५मध्ये कॉनकॉर्डला पोचायला साधारण १९ सेकंद लागतात, ०.९मध्ये ६च्या आसपास. हल्लेखोर हाच हिशोब मांडून येतात: समोरच्याचं जहाज किती टिकेल, आपण किती जण हवेत, किती सेकंद हाताशी आहेत. कॉनकॉर्ड आधीच जवळ उभी असेल तर ती लगेच अंगावर येते, म्हणून ते तिला आधी सिस्टमच्या दुसऱ्या टोकाला खेचून नेतात. त्यांची जहाजं जाणार हे ठरलेलंच असतं. कॉनकॉर्डनं फोडलेल्या जहाजाचा विमाही मिळत नाही. तरी जिता आणि डोडिक्सी या बाजारपेठांच्या सिस्टममधल्या वाटेवर लागणाऱ्या उएडामाला (तीही ०.५च) मोठमोठ्या मालवाहू जहाजांची शिकार होत राहते, कारण आतला माल त्या सगळ्या नुकसानीपेक्षा महाग असतो. परक्याचं सामान उचलणारा फक्त 'सस्पेक्ट' होतो. १५ मिनिटं त्याला कुणीही मारू शकतं, पण ते काम खेळाडूंचं.

म्हणजे ही संघटना शिक्षा करते, राखण करत नाही. आमच्याकडे मे-जूनच्या वादळात केळीची बाग आडवी होते. मग तलाठी पंचनाम्याला येतो, नोंद होते, काही मदतही मिळते. पण पडलेला घड झाडावर परत चढत नाही. म्हणून तर बागेच्या कडेनं आम्ही शेवरी लावतो. वारा अडवायचं काम शेवरीचं, पंचनाम्याचं नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि गेममध्ये मी नेमकं तेच विसरलो होतो.

कॉनकॉर्डच्या बाजूनं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. ती कुणाची भीड धरत नाही. २० वर्षं जुना खेळाडू असो की कालचा पोरगा, गुन्हा केला की जहाज जाणारच. तिला चुकवायची पळवाट कुणी शोधलीच, तर ती गेमच्या नियमांविरुद्ध धरली जाते. गेमनंच चालवलेल्या चाच्यांना मारलं की कॉनकॉर्डचं बक्षीस दर २० मिनिटांनी न चुकता खात्यात पडतं. ज्यानं गुन्हा करून तुम्हाला मारलं त्याच्यावरचा किल राइट, म्हणजे बदला घ्यायचा हक्क, ३० दिवस तुमच्याकडे राहतो. आणि सेफ्टीचं बटण हिरव्यावर ठेवलं की चुकून गुन्हा घडतच नाही. नव्यानं येणाऱ्यांनी ते हिरव्यावरच ठेवावं, हे कळकळीनं सांगतो.

मला अजूनही खटकतो तो युद्धाचा परवाना. ठरलेली फी भरली की अंतराळात तळ असलेली एक कॉर्पोरेशन (खेळाडूंचा गट) तशाच दुसरीवर युद्ध जाहीर करू शकते, आणि २४ तासांनी त्यांच्यातल्या मारामारीत कॉनकॉर्ड पडतच नाही. शांतता राखायला जन्मलेल्या संघटनेनं पैसे घेऊन बाजूला व्हायचं, हे मला चूकच वाटतं. मामेभाऊ म्हणतो, त्याशिवाय मोठ्या गटांचे तळ कुणाला हलवताच आले नसते. असेल. पण लहान गटाला आपला तळ गमावताना बघितलंय मी, आणि तेव्हा वाईट वाटलं.

खेळाडूंना ती हरत नसली, तरी कथेत ती अजिंक्य नाही. २००८च्या जूनमधल्या कथेत मिनमतार एल्डर्स या मिनमतारांच्या गुप्त ज्येष्ठांच्या ताफ्यानं थेट युलाईवर हल्ला करून तिला काही काळ पांगळं केलं होतं. २०२०मध्ये ट्रिग्लाव्हियन नावाच्या परक्या सत्तेच्या आक्रमणात २७ सिस्टम कायमच्या गेल्या. त्यात निआर्जाही होती, जिता आणि अमार या दोन बाजारपेठांमधल्या जवळच्या रस्त्यावरची. सुरक्षित वाट त्यानंतर कितीतरी लांबली. जिथे काल पोलिस होते तिथे आज नाहीत, आणि नकाशा बदलला तो बदललेलाच राहिला. ज्या विश्वात असं घडू शकतं, त्या विश्वातल्या पोलिसांबद्दल आदर वाटतो.

मी रिट्रीव्हर सोडून प्रोक्युरर घेतलं. माल कमी मावतो, पण अंग दणकट. एप्रिलच्या शेवटी, दिवसाचं ऊन ४४ला टेकलेलं असताना, एका रात्री पुन्हा तीन कॅटॅलिस्ट आली. या वेळी मी समोरच बसलो होतो. शील्ड वाढवणारी सगळी उपकरणं चालू केली आणि तोंडानं सेकंद मोजायला लागलो. बाराला शील्ड गेलं. पंधराला आर्मर. सतराला स्ट्रक्चरची पट्टी अर्ध्यावर. एकोणीस म्हटलं, काही झालं नाही. विसाव्याला कॉनकॉर्डची जहाजं पडद्यावर उमटली आणि माझ्यावरचा मारा एकदम थांबला. तिन्ही कॅटॅलिस्ट फुटली. माझं जहाज धूर सोडत होतं, पण उभं होतं.

मामेभावाला फोटो पाठवला. मग घड्याळ बघितलं, व्हॉल्व्ह बदलायची वेळ झाली होती. प्रोक्युरर स्टेशनवर नेलं, डॉक केलं, दुरुस्तीला लावलं आणि मगच बॅटरी उचलली.