दोन कंपन्यांचे स्विच, मध्ये ओएसपीएफ: आठ महिन्यांनंतर

चाकणच्या आमच्या कारखान्यात कोअर स्विच (सगळं नेटवर्क जिथे एकत्र येतं ते) बदलायची वेळ आली तेव्हा पैसे एकाच स्विचचे मंजूर झाले. म्हणजे जुना एक ठेवायचा आणि जोडीला दुसऱ्या कंपनीचा नवा, आणि दोघांनी एकमेकांना नेटवर्कचे रस्ते (राउट) सांगायचे ते ओएसपीएफ या प्रोटोकॉलने. नावं लिहीत नाही, कारण दोष दोघांचाही नाही. "सर, स्टँडर्ड प्रोटोकॉल आहे, लावला की चालू," असं विकणारा म्हणाला, आणि खरंच चहा यायच्या आत नेबर, म्हणजे समोरचा स्विच, 'फुल' (पूर्ण जुळलेला) झाला. त्या शब्दावर मी पुढचे दोन महिने विसंबून राहिलो.

हॅलो (मी आहे हा निरोप) १० आणि डेड (तो न आल्यास शेजारी गेला असं धरायची मुदत) ४० सेकंद, एरिया (नेटवर्कचा विभाग) नंबर, पासवर्ड यांत फरक असेल तर शेजार जमतच नाही. असल्या चुका मला आवडतात, लगेच ओरडतात. नेटवर्क टाइप मात्र एकीकडे ब्रॉडकास्ट (अनेकांची जोडणी), दुसरीकडे पॉइंट-टू-पॉइंट (दोघांचीच) राहिला, तर टायमर सारखे असल्यामुळे 'फुल' दिसतं आणि राउट येत नाहीत. त्यात माझी एक संध्याकाळ गेली, बाकी काही नाही.

खरा त्रास एमटीयूने, म्हणजे एका पाकिटाच्या (डेटा पॅकेटच्या) कमाल आकाराने, दिला. स्टोरेजवाल्यांना जम्बो फ्रेम (मोठी पाकिटं) हवे होते म्हणून मी दोन्हीकडे ९२१६ टाकलं. नेबर हललाही नाही, मी खूश. तीन आठवड्यांनी गुरुवारच्या शटडाउनला यूपीएस संपला, दोन्ही स्विच नव्याने उठले आणि 'फुल'च्या आधीच्या पायऱ्यांवर, एक एक्सस्टार्टमध्ये, दुसरा एक्स्चेंजमध्ये अडकून बसला. दीड तास आम्ही फायबर आणि मॉड्यूल बदलत होतो! गोम अशी, की एका कंपनीच्या ९२१६ मध्ये इथरनेटचा १४ बाइटचा हेडर धरलेला असतो, दुसरीच्या ९२१६ मध्ये नाही. म्हणजे एक सांगतो ९२०२, दुसरा ९२१६, आणि लहान आकडेवाला मोठ्याचं पाकीट टाकून देतो. ही तपासणी डेटाबेसची देवाणघेवाण सुरू होते तेव्हाच होते, म्हणून आधी जुळलेला शेजार तीन आठवडे तसाच टिकला. एमटीयू दुर्लक्षित करायची कमांड असते, रात्री मीही तीच मारली. पण मोठे अपडेट पुढे वाटेत पडू शकतात, म्हणून दुसऱ्या दिवशी ती काढून दोन्हीकडे आयपी एमटीयू ९२०२ केला. तेव्हापासून शांत आहे.

सहाव्या महिन्यातला प्रकार मात्र कुठल्याच तपासणीत येत नाही. नव्या शेडमध्ये, एरिया १ मध्ये, एक जुन्या आणि एक नव्या कंपनीचा स्विच आहे. इंटरनेटच्या दोन लाइन: मुख्य इमारतीत एरिया ० मध्ये एक, शेडमधल्या जुन्या स्विचवर बॅकअपची दुसरी, कॉस्ट (वाटेचा आकडा, कमी असेल ती स्वस्त) मुद्दाम वाढवलेली. दोन्ही लाइनींच्या फायरवॉल सारख्याच मेट्रिकने (राउटसोबतच्या आकड्याने) डिफॉल्ट राउट, म्हणजे इंटरनेटकडे जायची वाट, देतात. एके सकाळी शेडचं इंटरनेट गेलं. पाकीट कुठून जातं ते दाखवणाऱ्या ट्रेसराउटमध्ये तेच दोन पत्ते आलटूनपालटून, तिसाव्या हॉपपर्यंत. सगळे नेबर 'फुल'.

कारण १९९४ च्या आरएफसी १५८३ मध्ये (आरएफसी म्हणजे प्रोटोकॉलचे नियम लिहिलेला दस्तऐवज). त्या नियमाने बाहेरच्या राउटसाठी नुसता कॉस्ट बघतात. १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये मात्र एरिया ० सोडून आपल्याच एरियातून जाणारी वाट आधी धरतात, महाग असली तरी. जुना स्विच पहिल्या नियमावर होता, त्याला मुख्य लाइन स्वस्त पडली आणि त्याने पाकीट नव्याकडे दिलं. नवा दुसऱ्या नियमावर, त्याने शेडच्या लाइनसाठी तेच पाकीट जुन्याला परत दिलं. हा नियम कोणता हे हॅलोमध्ये कुणी कुणाला सांगत नाही. नव्या स्विचवर १५८३ कम्पॅटिबिलिटीची एक ओळ टाकली आणि लूप सुटला. दोन्हीकडे २३२८ ठेवला असता तरी सुटला असता, पण मग शेड कायम बॅकअपवरच चालली असती.

दोन कंपन्या एकत्र चालवाव्यात का? चालवाव्यात. नव्याचा वेग आणि किंमत दोन्ही चांगले आहेत, आणि या दोन प्रसंगांखेरीज आठ महिन्यांत तक्रार नाही. फक्त डिफॉल्टवर काही सोडू नका. टायमर, टाइप, एमटीयू, १५८३, सगळं दोन्हीकडे हाताने लिहा.

पुढच्या महिन्यात पेंट शॉपला तिसऱ्या कंपनीचा स्विच येतोय. १५८३ डिफॉल्टला चालू की बंद, हे विकणाऱ्याला विचारून दहा दिवस झाले. "बघून सांगतो सर" यावरच अजून गाडी अडली आहे.