‘डीसीसी करून देतो’ म्हणणाऱ्याला जुनं इंजिन देण्याआधी हे वाचा

माझ्या मामाने 1984 साली लंडनहून हॉर्नबी कंपनीचं ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे मॉडेल रेल्वेचं इंजिन आणलं, 4472 नंबरचं. त्याची मोटर इंजिनात नाही, मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळशाच्या डब्यात आहे. मामा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. साध्या कंट्रोलरवर इतकी वर्षं विनातक्रार धावलं. रुळांच्या नव्या लेआउटसाठी तेही डिजिटल, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणाऱ्या डीसीसी पद्धतीचं करायचं ठरवलं, पण सोल्डरिंगला माझा हात बसलेला नाही, म्हणून एका कारागिराकडे दिलं. सोबत लिमा कंपनीचं एक डिझेल इंजिनही दिलं.

ईएसयू कंपनीचा डिकोडर (इंजिनात बसून ते हुकूम ओळखणारं आणि मोटर चालवणारं छोटं सर्किट) टाकतो म्हणून त्याने स्कॉट्समनचे 9,000 रुपये घेतले आणि इंजिन धावतानाचा व्हिडिओ पाठवला. मी हुरळून गेलो. व्हिडिओत त्याच्या हाताखाली साध्या डीसीचाच कंट्रोलर होता, हे नंतर ध्यानात आलं. बहुतेक डिकोडर डीसीवरही चालतात, त्यामुळे असा व्हिडिओ बघून काहीच कळत नाही.

घरी आणल्यावर इंजिन हिसके देत निघायचं, रूळ बदलतात त्या पॉइंटवर अडायचं, दहा मिनिटांत टेंडरला हात लावता येईना. मित्राने प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरची सेटिंग वाचायच्या रुळावर, सीव्ही 8 ही डिकोडरमधली नोंद वाचली. तिथे डिकोडर बनवणाऱ्याचा क्रमांक असतो, ईएसयूचा 151. आला 13. तरीही मी कानाडोळा केला, ही माझी मोठी चूक.

फोन केला तर म्हणाला, “रूळ पुसा.” पुसले. मग म्हणाला, “साहेब, जुनी मोटर आहे, अशीच चालणार. नवी टाकावी लागेल.” आणखी 6,500 दिले. परत आल्यावर आठवडाभर चाललं आणि एका संध्याकाळी जळका वास येऊन बंद पडलं.

तेव्हा पहिल्यांदा मी स्वतः टेंडर उघडला. मोटरच्या स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. स्क्रू सैल पडू नये म्हणून मामा मामीचं नेलपॉलिश लावायचा, मी लहानपणी शेजारी बसून बघायचो. नवी म्हणून पैसे घेतलेली मोटर मामाचीच होती, नुसती पुसून बसवलेली. पैशांपेक्षा त्याचं वाईट वाटलं.

बिघाड कुठे होता तेही सांगतो. अशा जुन्या इंजिनांत बऱ्याचदा मोटरचा एक ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारा कार्बनचा तुकडा) धातूच्या सांगाड्याला, म्हणजे एका रुळालाच जोडलेला असतो. डीसीसीत हे चालत नाही. रुळांवरचा करंट लाल-काळ्या वायरींतून आधी डिकोडरला जातो, मोटरला तो फक्त नारिंगी आणि करड्या वायरींतूनच मिळायला हवा. या माणसाने ब्रशच्या पट्टीखाली चिकटपट्टीचा तुकडा सरकवून काम उरकलं होतं. उष्णतेने गोंद सुटला, पट्टी सांगाड्याला टेकली, डिकोडर जळाला. हिसक्यांचं कारण मात्र दुसरं. टीव्ही-रेडिओत खरखर येऊ नये म्हणून पूर्वी मोटरवर कपॅसिटर लावत, तो त्याने काढलाच नव्हता. डिकोडर बॅक-ईएमएफवरून, म्हणजे फिरती मोटर स्वतः तयार करते त्या व्होल्टेजवरून, मोटरचा वेग ओळखतो, त्यात हा कपॅसिटर घोळ घालतो. मोटरचा काही दोषच नव्हता.

म्हणून कळकळीने सांगतो, इंजिन देण्याआधी 12 व्होल्ट डीसीवर चालवून ते किती करंट घेतं ते मोजा, चाक क्षणभर धरून थांबवल्यावरचा आकडाही लिहून ठेवा. डिकोडर त्याहून जास्त करंट झेपणारा हवा. डिकोडर जोडण्याआधी मल्टिमीटरवर ब्रश आणि चाकं यांच्यात बीप वाजत नाही, हे समोर दाखवायला लावा. सीव्ही 8 आपल्या देखत वाचून घ्या. काढलेला प्रत्येक भाग परत मागा, जळका असला तरी.

मित्राने कपॅसिटर काढला, ब्रश नीट वेगळा केला, नवा डिकोडर टाकला. स्कॉट्समन आता मामाच्याच मोटरवर अगदी हळूही सरळ चालतं. लिमाचं डिझेल अजून त्या माणसाकडेच आहे आणि तो माझा फोन उचलत नाही.