दादांच्या काठीने पकडलेली फरशी

आमचं घर सांगलीजवळ, जमीन काळीभोर. पावसाळ्यात परसात पाय ठेवला की चप्पल चिखलातच राहते. सासऱ्यांना, म्हणजे दादांना, पेरूखाली बसायची भारी हौस. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये मागच्या अंगणात शहाबादी फरशी घालायला काढली. ठेकेदार ओळखीतून आलेला. मालासकट १२० रुपये फूट. काळी माती अर्धा फूट काढायची, मुरूम भरून धुमसायचा, वर दोन इंच माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, त्यावर फरशी, मग दर्जा, म्हणजे फरश्यांमधल्या फटी, भरायच्या. सगळं तोंडी ठरलं. ओळखीच्या माणसाकडे कागद कसा मागायचा, ही लाज मला पन्नास हजारांना पडली.

मी दिवसभर शाळेत, दादा दुपारी झोपलेले. पाच दिवसांत काम उरकलं. संध्याकाळी येऊन बघते तर अंगण आरशासारखं. दर्जा भरलेल्या, रेघा सरळ, कडेला झाडूनसुद्धा घेतलेलं. "ताई, बिगाऱ्यांचा पगार करायचाय," म्हणून उरलेले २० हजार त्याने उभ्या उभ्याच नेले. जाताना रिकामी पोतीही गोळा करून नेली. मला वाटलं, काय टापटिपीचा माणूस!

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा काठी टेकत पेरूकडे निघाले आणि मध्येच थांबले. काठी पुन्हा आपटली. एक पाऊल सरकून परत आपटली. "पोरी, ही बद्द वाजतेय." खाली माल नीट बसला असेल तर दगड खणखणीत वाजतो, पोकळ असेल तर रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो. दादांनी अख्खं अंगण वाजवून पाहिलं. निम्म्याहून जास्त फरशी बद्द. मी फोन केला तर, "नवीन काम आहे, वाळल्यावर आवाज बदलतो." मीही ऐकून घेतलं.

जूनच्या दुसऱ्याच पावसात दर्जांमधलं सिमेंट करड्या पाण्यासारखं वाहून निघालं. पेरूजवळच्या फरश्या डुगडुगायला लागल्या. पाणी बागेकडे जायचं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी साचलं आणि भिंतीला हातभर ओल चढली. वीस फूट अंगणाला निदान तीन इंच ढाळ घराकडून बाहेर हवा. आमचा ढाळ होता, पण घराकडे.

ठेकेदाराचं उत्तर तयार होतं: "काळी माती आहे ताई, फुगणारच." यातला निम्मा भाग खरा आहे, म्हणूनच ते ऐकून जास्त चीड आली. काळी माती फुगते हे ठाऊक होतं, म्हणून तर ती काढायचे पैसे दिले होते.

शेवटी गावातले एक म्हातारे गवंडी बोलावले. त्यांनी पहार घालून एक फरशी उचलली. चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे, मध्ये एक, बाकी पोकळ. गोळा बोटाने चुरला तर कच सुटी झाली. खाली काळी माती जशीच्या तशी, तिच्यात हरळीची मुळं पांढरी पडून पसरलेली. मुरूम वरून मूठभर भुरभुरवलेला. दर्जांचं तर विचारूच नका. फटी खरवडून, भिजवून, एकास तीनचा (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) माल थापीने दाबून भरायचा आणि सात दिवस पाणी मारायचं, ही खरी रीत. यांनी कोरडं सिमेंट केरसुणीने फटींत लोटून वर पाणी शिंपडलं होतं. जेमतेम नखभर जाडीचा पापुद्रा!

मग आम्ही टेप काढला. बिल ४२० फुटांचं, कारण २१ बाय २० सरळ गुणून टाकलेलं. हौद आणि पेरूचं आळं वजा केलं तर ३६२. म्हणजे ५८ फूट फरशी आम्ही हौदातल्या पाण्यावर घातली! सिमेंटचा हिशेबही गवंडीबाबांनीच मांडला: एवढ्या जागेला दोन इंच थर, एकास सहाचा माल, तर नऊ पोती तरी लागतात, दर्जांचं वेगळं. आमच्याकडे चारच उतरली होती, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. रिकामी पोती का नेली ते तेव्हा कळलं. मोजायला काही उरायलाच नको होतं.

आणखी एक. सिमेंटचे डाग काढायला ठेकेदाराने ॲसिड ओतलं होतं. शहाबादी हा चुनखडीचा दगड, ॲसिड पडलं की फसफसतो. त्या जागी जे पांढरे चट्टे पडलेत ते घासून जात नाहीत.

तेव्हा कोणी असं काम काढणार असेल तर दर्जा भरायच्या आधी एक दिवस मध्ये ठेवा, त्या दिवशी फरशी वाजवून बघा आणि कुठलीही एक उचलायला लावा. चांगला गवंडी नाक मुरडेल, पण उचलेल. ढाळ बादलीभर पाणी ओतून तपासा. पोती तुमच्याच आवारात राहू द्या. शेवटचा हप्ता एक पाऊस पडेपर्यंत हातात ठेवता आला तर उत्तमच.

दिवाळीनंतर सगळं उखडून नव्याने केलं. फुटलेल्या फरश्या सोडून जुन्याच वापरल्या, तरी मजुरी, मुरूम, सिमेंट मिळून जवळपास पहिल्याइतकाच खर्च आला. या वेळी दर्जा भरायच्या आदल्या दिवशी दादांनी खुर्ची मागवली नाही. काठी घेऊन एकेक फरशी वाजवत फिरले. हौदाजवळच्या दोन फरश्यांवर खडूने फुल्या मारल्या. गवंडीबाबा काही न बोलता पहार आणायला गेले.