ओआरएसची पुडी: चवीला दोन स्टार, कामाला पाच

ओआरएस म्हणजे जुलाब झाले की पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पावडर. मेडिकलमध्ये वीस-पंचवीस रुपयांना मिळते ती एक लिटरवाली साधी पुडी, ऑरेंज फ्लेवर. फ्लेवर नावालाच हो, लागतं खारट-गोडच, गार करून चमच्या चमच्याने दिलं तर पोरं घेतात नाहीतर तोंडं वाकडी करतात. काम मात्र चोख.

या पुडीला जिम ग्रँटसारखा सेल्समन परत मिळणार नाही. १९८० ते १९९५ युनिसेफचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मुलांसाठीच्या संस्थेचा प्रमुख, खिशात कायम ही पुडी, आणि कुठल्या देशाचा राष्ट्राध्यक्ष जेवायला समोर बसला की हा पुडी काढून दाखवणार, एवढं स्वस्त औषध असताना तुमच्याकडे पोरं जुलाबाने का जातायत म्हणून. जन्म बीजिंगचा, वडील पब्लिक हेल्थवाले डॉक्टर (ते नंतर कलकत्त्यालाही होते), स्वतः वकील, अमेरिकेच्या मदत खात्यात श्रीलंका, तुर्कस्तान करत वर चढलेला. असे साहेब एरवी मीटिंगा आणि रिपोर्टांत रिटायर होतात, याने १९८२ ला चार स्वस्त गोष्टी धरल्या, बाळाच्या वजनाचा तक्ता, ओआरएस, अंगावरचं दूध, लसी, आणि शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. १९८५ ला एल साल्वादोरमध्ये यादवी पेटलेली असताना लसीकरणासाठी तीन दिवस दोन्ही बाजूंच्या बंदुका थांबवल्या, बोला!

पाणी, संडास, दवाखाने सोडून पुड्या काय वाटताय अशी टीका त्याच्यावर भरपूर झाली. मला ती अर्धी पटते, पण नळ येईपर्यंत पोराला पाजायचं काय? आणि हो, शोध त्याचा नाही. १९७१ ला पश्चिम बंगालातल्या बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या कॅम्पात कॉलरा पसरला, सलाइन संपत आलेलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीसांनी ड्रमातून हेच पाणी पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आणलं.

तक्रार म्हणजे सूचना मुंगीएवढ्या अक्षरात, त्याही इंग्रजीत. म्हणून लोक ग्लासभर पाण्यात अंदाजे अर्धी पुडी ढवळतात, तसं अजिबात करू नका, मीठ जास्त होतं. अख्खी पुडी, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. घरात लहान बाळ असेल तर २०० मिलीवाल्या छोट्या पुड्या घ्या, मापाची कटकट नाही. टेट्रापॅकातल्या गोड सरबतांना ओआरएस नाव लावायला एफएसएसएआयने (खाण्यापिण्याच्या वस्तूंवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) २०२५ ला बंदी घातली, तरी आमच्या इथला मेडिकलवाला "तेच आहे हो" म्हणत डबाच पुढे करतो, तेव्हा पुडीच मागा आणि वर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का बघून घ्या.