कॉलऱ्याची साथ: आधी ओआरएस की आधी लस?

गावात कॉलरा आला की सगळे विचारतात लस कधी येणार, पण लसीचं संरक्षण तयार व्हायला आठवडाभर तरी जातो आणि कॉलऱ्यात माणूस काही तासांत जाऊ शकतो, म्हणून माझ्या मते आधी गावातच ओआरएस, म्हणजे शरीरातलं गेलेलं पाणी भरून काढणारं मीठ-साखरेचं पाणी. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावला, बांगलादेश युद्धातून आलेल्या निर्वासितांमध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच केलं, सलाईन संपत आलं तेव्हा मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्याच हातात दिलं आणि मृत्यूदर साधारण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला!! लस पण हवीच, आजूबाजूच्या गावांत साथ पसरू नये म्हणून, फक्त २०२२ पासून तुटवड्यामुळे साथीत दोनऐवजी एकच डोस देतात. आणि हो, पेशंटची शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही पाजू नका, सलाईनच लागतं, गाडी तयार ठेवा.